अंगणातला चंद्र, सड्यावरचा चंद्र

यंदा होळीच्या पुनवेला चंद्रग्रहण आलं होतं. ते आपल्याकडे दिसणार का आणि किती वाजता, हे कोरगावात आमच्या वाडीवर सगळ्यांनी मला विचारलं. त्यात नवल नव्हतं. मी पेडण्याला एका सोसायटीत काउंटरवर बसते. म्हापशाची शेवटची बस, गेलेली वीज, रेशनचा तांदूळ, दाखल्याला लागणारे कागद, सगळं मलाच विचारतात. माहीत असेल तर सांगते, नसेल तर शोधून सांगते. 'बहुतेक', 'असं वाटतं' असले शब्द मी वापरत नाही. लोकांना उत्तर हवं असतं.

सर्वांत आधी विचारलं ते आमच्या काजूच्या बागेत कामाला आलेल्या मुलीने. मुलगी म्हणते, पण होती पंचविशीची, लग्न झालेली, आणि सातवा महिना सरत आलेली. काजूच्या मोसमात ती आणि तिचा नवरा सिंधुदुर्गातून आमच्याकडे येतात, घरामागच्या खोलीत राहतात आणि पाऊस लागायच्या आत गावी परततात. बाग घराच्या वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर आहे. नवरा झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करतो आणि ती एका जागी बसून त्यांच्या बिया काढते. बोंडू म्हणजे काजूचं फळ. त्याच्या बुडाला बी लोंबत असते, ती हाताने पिरगळून सोडवायची. बी आमच्या अंगणात वाळत पडते आणि बोंडू हुर्राकासाठी, म्हणजे काजूच्या दारूसाठी, भाटीवर गाळायला जातात.

एका सकाळी मी पोदेराकडून पाव घेत होते, तेव्हा ती मागच्या दाराने आली.

"काकी, होळयेक गिराण आसा मां? ता आपल्याक दिसतला काय?"

"बघून सांगते."

"नीट बघून सांगा हां. माका सांभाळूक व्हया."

तिने हे हसत सांगितलं, पण का सांगितलं ते मला ठाऊक होतं. तिची पहिली मुलगी फाटलेल्या ओठाची जन्मली होती. ऑपरेशन होऊन ओठ शिवला गेला, पोर आता आजीजवळ गावी असते, छान बोलते. पण त्या गरोदरपणात एका ग्रहणाला हिने विळीवर भाजी चिरली होती, हे सासरचं कोणी विसरलं नव्हतं. चार वर्षं ते ऐकत आलेली ही मुलगी या वेळी एवढंच मागत होती, की ग्रहण असेल तर आपल्याला आधी कळावं, म्हणजे आपण दार लावून, हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहू. दुसरं काही नको.

मी यातलं काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. पण विचारलेली वेळ सांगणं माझं काम होतं.

घरात दुसरं ग्रहण होतं, ते सासूबाईंचं. मी त्यांना मांय म्हणते. मांयना साखरेचा आजार आहे, रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना ग्रहणाच्या वेधात सूट असते, हे पंचांगातच छापलेलं असतं, पण मांयना सूट म्हटली की अपमान वाटतो. गेल्या भाद्रपदातल्या ग्रहणाला त्या दुपारपासून उपाशी राहिल्या. ग्रहण सुटलं तरी जेवायला तयार होईनात. "शुद्ध चंद्र बघल्याबगर माका घास उतरचो नाय," म्हणून बसल्या, आणि आभाळ तर ढगांनी भरलेलं. पहाटेकडे त्यांना घाम सुटला, जीभ जड झाली. मी जबरदस्तीने तोंडात साखर कोंबली तेव्हा शुद्धीवर आल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "बाटवलंस माका."

त्यामुळे यंदा मी ठरवलं होतं की हे प्रकरण आधीच निकालात काढायचं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ होती, पण ती मुंबईची. मुंबईचा चंद्र वेगळ्या वेळी उगवतो, आपला वेगळ्या, एवढं मला कळतं. मी मोबाइलवर आपलं ठिकाण घालून बघितलं. ग्रहण दुपारीच लागणार होतं, म्हणजे चंद्र क्षितिजाखाली असतानाच. आपल्याकडे चंद्र उगवणार तो ग्रासलेलाच, साधारण सूर्य बुडताना, आणि त्यानंतर पाच-सहा मिनिटांत ग्रहण सुटणार. सगळं मिळून आपल्या वाट्याला एवढंच. एवढ्यासाठी मांय सूर्योदयापासून उपाशी बसल्या असत्या.

तेव्हा मला डोंगर आठवला. आमच्या अंगणातून पूर्वेला बघितलं तर समोर सड्याची चढण आहे, त्यावर झाडं. चंद्र उगवला तरी त्याला ती चढण चढून वर यायला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून लवकर आले आणि अंगणात कदेल टाकून बसले. मोबाइलमध्ये त्या दिवशीच्या चंद्रोदयाची वेळ होती. ती वेळ झाली, टळली, आणि बऱ्याच उशिराने उजेडातच फिकट चंद्र झाडांच्या वर आला. पाच-सहा मिनिटं कुठली, वीसेक मिनिटं तरी गेली असतील.

माझा नवरा दारापुढच्या बाल्कांवात बसून वर्तमानपत्र वाचत होता. "काय बघतंस?" त्याने विचारलं.

"उद्या ग्रहण दिसणार नाही. डोंगर आड येतो."

"डोंगराक विचारलंस काय?"

"विचारलं. तो म्हणाला, तुमच्या घोवाला घरातलं काही काम सांगा."

तो हसला आणि मी आत गेले. फार दिवसांनी एखादा हिशोब नीट सुटावा तसं मला झालं होतं. जिथे ग्रहण दिसत नाही तिथे वेध पाळायचे नाहीत, हा नियम मांयचाच. माझा नव्हे. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भटजींना विचार म्हणून सांगितलं. मी फोन केला. भटजी म्हणाले, "दिसत असेल तर पाळायचं, दिसत नसेल तर दोष नाही. आम्ही आपले पाळणार." यातलं शेवटचं वाक्य मी मांयना सांगितलं नाही. भटजींना मी 'आमच्या अंगणातून' असंही म्हटलं नव्हतं. 'आमच्याकडून' म्हटलं होतं.

मांयनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू सांगतंस तर बरोबरच आसतला."

त्याच रात्री, जेवायच्या आधी, मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन मुलीला सांगितलं, "ग्रहण आपल्याकडे दिसत नाही. वेध नाहीत. खुशाल जेव, काम कर."

"नक्की मां काकी?"

"मी स्वतः उभी राहून बघितलंय."

मी बसून बघितलं होतं. असो.

होळीच्या दिवशी मांय सकाळी चहा-पाव घेऊन, इंजेक्शन घेऊन, दुपारी व्यवस्थित जेवल्या. वाडीवरच्या आणखी दोन-तीन घरांत माझ्या शब्दावर चुली पेटल्या. दुपारी मुलगी पुन्हा एकदा दाराशी आली. तिचा नवरा सड्यावर गेला होता.

"काकी, मी आज खोलयेतच बसान रवू काय? उगाच आपला."

आता इथे मला जे लिहायचं आहे ते नीट लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी धुळवड, पुढे शिगमा. रोंबाट, म्हणजे शिगम्याची ढोलताशांची मिरवणूक, निघालं की पेडण्यात कोणी काम करत नाही, भाटीही थंड पडते. झाडाखाली दोन दिवसांचे बोंडू पडून होते. ते त्या संध्याकाळी भाटीच्या टेम्पोत गेले नसते तर कुजले असते. हे माझ्या डोक्यात होतं. तिला उत्तर देताना मी मांयच्या साखरेचा विचार करत नव्हते, आणि तिच्या ओठ शिवलेल्या मुलीचा तर अजिबात नाही. मी म्हटलं, "कशाला? दिसणारच नाही तर कोंडून कशाला घेतेस? वर जाऊन बस, वारा तरी लागेल."

ती गेली. पायवाटेने हळू चढत गेली, एक हात कमरेवर.

संध्याकाळी मी मांयना घेऊन अंगणात उभी राहिले. अंधार पडू लागला होता. होळीसाठी तोडलेला आंब्याचा सोट पोरं ओढत नेत होती, त्यांचा आरडाओरडा देवळाकडून ऐकू येत होता. चंद्र झाडांवर आला तो पुरता गोल, पिवळा, एक ओरखडाही नसलेला.

"बघा," मी म्हटलं. "आहे का काही?"

मांयनी हात जोडले. "शुद्ध आसा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मांय माझं कौतुक करत नाहीत, म्हणून ते मला फार गोड लागलं.

तेवढ्यात ती दोघं सड्यावरून उतरताना दिसली. नवरा पुढे होता. ती मागे, आणि तिने दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, जसे कुणाच्या हाताला रंग लागल्यावर कपड्यांना लागू नये म्हणून धरतात. बोंडवाचा रस लागलेला होता. वाटेत पाण्याची बालदी होती, पण तिने हात धुतले नव्हते.

"काकी," ती म्हणाली, "बघलंय मी."

"काय बघितलंस?"

"चंद्र. डोंगराच्या खाचेत. वरच्या अंगान खाल्लेलो व्हतो."

मी आभाळाकडे बोट केलं. "हा बघ. कुठे खाल्लाय?"

"आता नाय. तेवा व्हतो. माज्या हातात बोंडू व्हतो. अर्धो पिरगळलेलो." तिने उजवा हात थोडा वर केला आणि परत खाली घेतला. "सोडूक पण गावलो नाय."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता कळतं. तेव्हा मी म्हटलं, "धूर असेल भाटीचा. धुरात चंद्र तसा दिसतो."

तिचा नवरा म्हणाला, "भाटी खालच्या अंगाक आसा काकी. थंय धूर खंयचो?" त्याचा आवाज चढला नव्हता. तो जमिनीकडे बघत बोलत होता. मग त्याने तिला बालदीकडे नेलं आणि तिच्या हातांवर पाणी ओतलं.

मांय आत जाऊन पुन्हा आंघोळ करून आल्या. मला वाटलं, आता माझ्यावर घसरतील. त्या जनेलाच्या गजांपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माका जेवयलंस ता जावंदे. माज्या हाडांचा काय जाता? तिचा काय तां बोल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, धुळवडीचे रंग खेळून सगळे घरोघर गेल्यावर, मी टॉर्च घेऊन सड्यावर गेले. मला अजून आशा होती की तिचीच चूक निघेल. मी तिच्या जागेवर, त्याच चपट्या दगडावर जाऊन बसले. आमच्या घरातून जो डोंगर दिसतो त्याच्या माथ्यावरच मी बसले होते, म्हणजे मला आड येणारं काहीच नव्हतं. पूर्वेला सगळं उघडं, पार सह्याद्रीपर्यंत. आणि त्या रांगेत एका ठिकाणी खोल खाच. मोबाइलमधली वेळ झाल्यावर फार थांबावं लागलं नाही. चंद्र त्या खाचेतून वर आला, तांबूस, मोठा. खाली आमचं अंगण काळोखात होतं. तिथे तो पोचायला अजून बराच अवकाश होता.

मी ठिकाण घालून वेळ काढली होती, मुंबईची वेळ घेतली नव्हती, आणि त्यावर खूश होते. पण माझं ठिकाण म्हणजे माझं अंगण. पाय पोचेल एवढ्या अंतरावर दुसरं ठिकाण होतं, तिथे मी स्वतः माणूस पाठवलं होतं, आणि तिथला चंद्र कधी उगवतो हे बघायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. बागेची मालकीण मी. ती खाच मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे.

त्यानंतर मुलीने बोंडवाला हात लावला नाही. मी तिला लावायला सांगितलंही नाही. ती खोलीच्या दारात बसून असायची. जेवायची, कारण पोटात बाळ होतं. झोपायची नाही. नवरा सकाळी मला सांगायचा, "आज पण रातभर बसान व्हती." तक्रार म्हणून नव्हे, हवापाणी सांगावं तसं. तिने मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, वाद घातला असता, आणि मला बरं वाटलं असतं.

मी मला जमतं ते केलं. रजा काढली आणि तिला म्हापशाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हटलं, सोनोग्राफीत बाळाचा ओठ दाखवतात, एकदा बघितलं की भीती जाईल. रिक्षात ती माझ्या शेजारी ताठ बसली होती. आत मशीनवर बाळाचं डोकं दिसलं, पाठ दिसली, हृदय धडधडताना दिसलं. तोंड दिसेना. बाळाने हात तोंडापुढे धरला होता. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हलवून बघितलं, कुशीवर वळायला लावलं, तरी हात हटेना.

"लाजतंय," त्या हसून म्हणाल्या.

मुलगी हसली नाही. मी बाईंना बाजूला घेऊन ग्रहणाचं सांगितलं. बाई समजूतदार होत्या. त्यांनी तिच्याजवळ खुर्ची ओढली आणि शांतपणे सांगितलं, "हे बघ, बाळाचा ओठ पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तयार होतो. होळीला तुला सातवा चालू होता. तेव्हा काही बघितल्याने, काही तोडल्याने ओठाला काही होऊच शकत नाही. जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं."

मला वाटलं, सुटलो. याहून चांगलं उत्तर मला सापडलं नसतं. परत येताना मी तिला एका हॉटेलात भजी खायला घातली. तिने एक तुकडा मोडला, आणि बोटांवर महिने मोजायला लागली. मी बघत होते. मागे मागे जात ती थांबली.

"काकी, भाद्रपदात पण गिराण व्हता मां?"

मी बशी तिच्याकडे सरकवली.

"तेवा माका म्हायतच नव्हता दिवस गेलेत ता. घोव ट्रकावरसून उशिरान इलो, बांगडे घेवन. रातचेच कापले मी." तिने भजी परत बशीत ठेवली. "डॉक्टरीण म्हणता, ओठ तेवाच घडता."

इतके दिवस तिला एका ग्रहणाची भीती होती. मी रजा काढून, रिक्षा करून, डॉक्टर गाठून तिला दुसरं आणून दिलं होतं. यापुढे कोणाला काही समजावून सांगायचं नाही, असं मी त्या हॉटेलातल्या टेबलापाशी ठरवलं. बाहेर बस लागली होती. रिक्षा मिळत असूनही आम्ही बसने आलो, म्हणजे तिच्याशी बोलावं लागणार नाही.

काही दिवसांनी तिचा नवरा मला म्हणाला, देवाचा कौल लावणाऱ्या गावच्या घाड्याकडे न्यायचं म्हणतो, एवढा प्रवास तिला झेपेल का. मीच म्हटलं, लांब कशाला, आपल्या वाडीच्या वेशीवर राखणदार आहे, तिथे गाऱ्हाणं घालू. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. राखणदाराला मी आयुष्यात कधी नारळ दिला नव्हता. मांय दरवर्षी माझ्याकडून पैसे नेऊन देतात, तेवढाच माझा संबंध. या वेळी नारळ मी आणला, चांगला पाण्याचा, हलवून बघून.

गाऱ्हाणं घालायला वाडीवरचा एक म्हातारा असतो. तो देवापुढे उभा राहून मोठ्याने सगळं सांगतो, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. म्हणणारे जितके जास्त तितकं बरं. आम्ही पाचजण होतो. मुलगी, तिचा नवरा, मांय, शेजारची एक बाई आणि मी. म्हाताऱ्याने आधी काय झालं ते विचारून घेतलं. ते मुलीनेच सांगितलं. माझ्याकडे न बघता, माझा उल्लेख न करता सांगितलं.

"बा देवा म्हाराजा," म्हाताऱ्याने सुरुवात केली, "आज ह्या लेकरू तुझ्या पायांकडे इला हा."

"व्हय म्हाराजा."

"परमुलखातसून पोटासाठी इला, तुझ्या राज्यात रवला, तुझा नाव घेता."

"व्हय म्हाराजा."

"सांगणाऱ्यान सांगला, ऐकणाऱ्यान ऐकला. ऐकणाऱ्याची त्यात चूक नाय."

मांय म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." शेजारीण म्हणाली. मुलगी पुटपुटली. माझा आवाज मागे राहिला, आणि म्हातारा थांबला. त्याला सवय होती, आवाज मोजून घ्यायची. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. एक आवाज कमी पडला म्हणून.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"सांगणाऱ्याची चूकभूल झाली आसात, ती त्याच्या पदरात. लेकराच्या पदरात घालू नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी मी सर्वांच्या बरोबर म्हटलं. त्या म्हाताऱ्याला त्याच्या पेन्शनीच्या कागदांवर कुठे सही करायची ते मी दरवर्षी सांगते. नारळ फुटला, अर्धं भकल मुलीच्या ओटीत गेलं. त्या रात्री ती झोपली, असं नवऱ्याने सकाळी सांगितलं. पुढे पुन्हा जागू लागली, पण रोज नाही.

बोंडू संपत आले, झाडाखाली पाला साचला, दुपारी सड्यावर उभं राहवेना. तिची आई गावाहून येऊन खोलीत राहिली. एका पहाटे तिला म्हापशाच्या इस्पितळात हलवलं आणि दुपारी नवऱ्याचा फोन आला, मुलगा झाला. मी विचारलं, "बाळ कसं आहे?" तो म्हणाला, "बरा आसा." यात ओठ आला की नाही ते मला कळेना, आणि विचारायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये पेज आणि मऊ जुनी लुगडी घेऊन मी बस धरली. पूर्ण वाटभर मी एक वाक्य घोळवत होते. 'माझं चुकलं' एवढंच. आडवळणाने नको, डॉक्टर नको, डोंगर नको.

वॉर्डात गर्दी होती. ती भिंतीकडच्या खाटेवर होती, आई पायथ्याशी स्टुलावर. बाळ तिच्या कुशीत होतं. मी खाटेपाशी पोचले आणि तोंडातून निघालं ते, "टाके दुखतात का?"

"थोडे."

तिने फडकं बाजूला केलं. मी वाकले.

"बघलात?" तिने विचारलं.

"काय?"

"ओठ."

मी बघितला होता. दारातून आत येतानाच, दहा खाटांच्या अंतरावरून, काही दिसत नसताना मी तिथेच बघत आले होते. वाकल्यावर डोळे, नाक, काही न बघता आधी तोच बघितला. अखंड होता. लाल, बारीक, दूध लागलेला.

"बघितला," मी म्हटलं.

"मगे तुमी पण मानतास." ती हसली. होळीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. तिने बाळाची मूठ उघडली आणि एकेक बोट सरळ करून मला दाखवलं, मग दुसरी मूठ, मग पाय. मी एकेक बघत गेले. मानत नाही, असं मी म्हणू शकले असते, कारण ते खरं आहे. पण मी बोटं मोजत होते.

सगळं दाखवून झाल्यावर तिने फडकं परत गुंडाळलं. "काकी, आता पुढचा गिराण खंयच्या म्हयन्यात?"

"बघून सांगते," मी सवयीने म्हटलं.

तिच्या आईने इतका वेळ माझ्याकडे बघितलं नव्हतं. ती आता स्टुलावरून उठली, माझ्या हातातला फ्लास्क घेतला, झाकण फिरवून उघडलं आणि पेज गरम आहे का ते वाफेवरून बघितलं.

"खंय उबी रवान बघतलीस," ती म्हणाली, "ता पण सांग हां बाय."

"सांगते," मी म्हटलं, आणि पेल्यासाठी पिशवीत हात घातला.